दोन बुटक्या भातांची उंच रोपं

बी.एस्सी.चा निकाल लागल्यावर मला जी पहिली नोकरी मिळाली ती भात बुटकं करण्याची होती. घरी हे सांगितलं तेव्हा बाबा अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. त्यांनी विळा खाली ठेवला.

"काय करायची नोकरी?"

"भाताची रोपं बुटकी करायची. म्हणजे करणारे साहेब आहेत, मी त्यांच्या हाताखाली."

पडघ्यापासून आत आमचं गाव, ओढ्याकाठी आमची खाचरं. त्यातला झिनी जातीचा भात बाबांच्या छातीपर्यंत वाढायचा. तो जितका वाढेल तितके बाबा बांधावरून सावकाश चालायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून बघावं म्हणून.

"बुटका भात तं न शिकता पन होतो," ते म्हणाले. "खत न्हाय मिलला, पानी न्हाय मिलला, का झाला बुटका. त्याच्यासाठी कालेजात कशाला जायाला पायजे?"

आई चुलीपाशी बसून हसत होती, पण तिलाही नेमकं कळलं नव्हतं की हसायचं कशाला. नोकरी सरकारी आहे एवढं तिला कळलं होतं आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडीत, धामणकर नाक्याजवळ आत्याकडे राहायला गेले. आतोबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होते. खोलीच्या खालीच कारखाना होता, त्यामुळे फळीवरची भांडी दिवसभर बारीक थरथरत असायची आणि पातेल्यातलं दूधसुद्धा कधी अगदी स्थिर दिसायचं नाही. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची. मग मोठ्याने बोलायची सवय झालेली माणसं स्वतःच्याच आवाजाला दचकायची. सकाळी नाक्यावरून नाशिक रस्त्याची एस.टी. पकडायची, शहर संपल्यावर उतरायचं आणि बांधावरून चालत केंद्रावर जायचं.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराचं ऑफिस, शेजारी बियाण्यांची खोली, एक विहीर आणि पुढे भाताची खाचरं. साहेब पन्नाशीचे, विदर्भातले. बोलणं मऊ, मलाही 'तुम्ही' म्हणायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी खाचरात उतरायचे आणि बाहेर आल्यावर बराच वेळ चपला शोधायचे.

पहिल्याच दिवशी मी त्यांना बाबांचा प्रश्न माझा म्हणून विचारला. भात बुटकं कशाला करायचं?

"तुमच्याकडे शेती आहे ना? वडिलांनी कधी युरिया टाकून पाहिला?"

"एकदा टाकला. भात खूप वाढला. मग दसऱ्यानंतर पाऊस आला आणि सगळा लोळला. चिखलातच दाण्यांना मोड आले."

"तेच," साहेब म्हणाले. "उंच रोप खाल्लेलं सगळं उंचीत घालवतं आणि कणीस भरलं की पडतं. ठेंगणं रोप उभं राहतं. खत त्यालाच पचतं."

"पण ते ठेंगणं करायचं कसं?"

"आपण करत नाही. आपण बियाणं मुंबईला पाठवतो. तिथे त्याच्यावर किरण सोडतात. त्याने बियाण्याच्या आत काहीतरी बिघडतं. बहुतेक वेळा वाईटच बिघडतं. क्वचित कुठे कामाचं बिघडतं."

"म्हणजे आपण बिघडलेलं शोधायचं?"

"कामाचं बिघडलेलं," ते म्हणाले आणि खाचरात उतरले.

संध्याकाळी हे मी आत्याला सांगितलं. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई तिथे बसल्या होत्या. त्यांचं जुनं कोकणी मुसलमान घराणं, कारखाना त्यांचाच. मी त्यांना खाला म्हणायचे. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "बेटी, तो किरन भातात राहतो का? खाल्ला तर?"

"नाही हो खाला. उन्हासारखा येतो आणि जातो."

"धूप पन जाते. पन माणूस काला होतो ना?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खालांचा प्रश्न विचारला, तर ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे," आणि बराच वेळ समजावत बसले. किरण दाण्यात राहत नाही, पण त्याने केलेला बदल राहतो, पिढ्यान्‌पिढ्या राहतो, आणि तो बदल खाल्ल्याने कुणाला काही होत नाही. मला ते त्या वेळी पटलं. पण घरी येऊन आत्याला सांगायला लागले तर दुसऱ्याच वाक्याला माझा गोंधळ उडाला. आत्याने मला हात साबणाने धुवायला लावले. पुढे कितीतरी महिने लावत होती.

किरण दिलेल्या बियाण्याच्या पुढच्या पिढीचं खाचर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते शेत वाटलंच नाही. काही रोपं पांढरी फटफटीत उगवून चार दिवसांत मरत होती. काहींच्या पानांवर पिवळे पट्टे. काहींची पानं सुईसारखी वळलेली. काहींना कणसं भरपूर, पण चिमटीत धरली तर सगळी पोचट. आणि बुटकी रोपं तर ठिकठिकाणी. मी आनंदाने एकेक दाखवायला लागले.

"हे साहेब."

"याची मुळं खेकड्याने खाल्ली आहेत."

"आणि हे?"

"इथे पाणी साचतं."

"हे तरी?"

साहेब त्या रोपाजवळ वाकले, पान उलटून पाहिलं, सरळ झाले. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "आजारी असेल. किंवा खरोखरच बुटकं असेल. याचं बी पुढच्या पावसाळ्यात पेरायचं. पोरंही बुटकी निघाली तर खरं."

म्हणजे डोळ्यांसमोर उभं असलेलं रोप काय आहे हे कळायला एक वर्ष थांबायचं. कॉलेजात परीक्षेच्या पेपरात अशी वाट बघावी लागत नव्हती. तिथे उत्तर त्याच पानावर लिहायचं असायचं.

मी गेले त्याआधीच अशा परीक्षेत उतरलेली दोन रोपं साहेबांकडे होती. दोन्ही एकाच उंच भाताच्या बियाण्यातून, पण वेगवेगळ्या वेळी किरण दिलेल्या पुडीतून निघालेली. एकाच्या ओळीला पिवळी चिठ्ठी, दुसऱ्याला निळी. आम्ही त्यांना पिवळं आणि निळंच म्हणायचो. दोन्ही माझ्या कमरेपर्यंत. पिवळ्याचा दाणा बारीक आणि सुरेख, पण ते उशिरा तयार व्हायचं. निळं लवकर यायचं, पण दाणा जाड आणि शिजल्यावर चिकट. साहेबांना दोघांचा संकर हवा होता. बारीक दाणा आणि लवकर येणारं रोप.

"उंचीची तर चिंताच नाही," ते म्हणाले. "आईही बुटकी, बाप पण बुटका."

संकर करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी बोटं बारीक होती आणि डोळे चांगले होते. पिवळ्याबरोबर फुलावं म्हणून उशिरा पेरलेलं निळं पानाच्या फुगलेल्या पोटरीतून कणीस बाहेर काढायला लागलं की त्याची कुंडी सावलीत आणायची. भाताचं एकेक फूल म्हणजे दोन टरफलांत मिटलेली इवलीशी डबी. कात्रीने तिचं टोक छाटायचं आणि आतले सहा पिवळसर केसर चिमट्याने एकेक करून काढायचे, फुटू न देता. एखादा जरी फुटला तर फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि सगळी मेहनत वाया. मग कणसावर बटर पेपरची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की पिवळ्याची फुलं उघडतात. त्याची कणसं तोडून आणायची, पिशवी काढायची, निळ्यावर ती हलकेच झटकायची, परत पिशवी. मान दुखायची, डोळ्यांत पाणी यायचं. घरी आल्यावर भाजी चिरतानासुद्धा मला सहा केसर दिसायचे.

दाणे धरले. छाटलेल्या टरफलांतून अर्धे उघडे, बारकुडे, काळपट. साहेबांनी तळहातावर घेऊन बघितले आणि म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे." मी ते वाक्य आत्याला, आतोबांना आणि पुढच्या सुट्टीत घरी आईला सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात ती रोपं कुंड्यांमध्ये लावली. सुरुवातीला सगळीच रोपं सारखी दिसतात. श्रावणात ती गुडघ्याच्या वर गेली, मग मांडीच्या. मला वाटलं खत जास्त झालं असेल. गणपती झाले आणि ती माझ्या कमरेच्या वर गेली. साहेब रोज कुंड्यांपाशी येऊन थांबायचे, रोपांना हात लावून बघायचे आणि जायचे. शेवटी कणसं निघाली तेव्हा रोपं माझ्या खांद्याला लागत होती. एकजात सगळी. ज्या उंच भातापासून आम्ही सुरुवात केली होती, तोच कुणीतरी कुंडीत आणून लावलाय असं दिसत होतं.

"आपण जरा बोलू," साहेब म्हणाले.

आम्ही ऑफिसात बसलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते रागावले नव्हते. आजाऱ्याला विचारावं तसं विचारत होते.

"निळ्याचे केसर नीट निघाले नसतील, असं समजू. मग काय झालं असतं?"

"फूल स्वतःच्या परागाने फळलं असतं."

"आणि रोप?"

"निळंच. बुटकं."

"बरोबर. पिवळ्याचा पराग पडला असेल तर?"

"तरी बुटकं."

"मग उंच कुठून आलं?"

उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "पिवळ्याच्या शेजारची ओळ कुठली होती?"

मला माहीत होतं. शेजारी मूळच्या उंच भाताची ओळ होती, तुलनेसाठी लावलेली. ती त्याच वेळी फुलली होती.

"मी पिवळ्याचीच कणसं तोडली होती, साहेब."

"हो. तुम्ही तसंच समजून तोडली असणार," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका समजूतदारपणा होता की मी मान डोलावली.

त्यानंतरचे दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत. आधी मला खात्री होती. कमरेएवढ्या रोपाचं कणीस आणि खांद्याएवढ्या रोपाचं कणीस यांत कोण चुकेल? कणीस तोडायला मला वाकावं लागलं होतं. मग मी एस.टी.त बसून तो दिवस आठवायला लागले. आदल्या रात्रीचा पाऊस, बांधावरचा चिखल. माझा पाय घसरला होता का? घसरला असेल, रोजच घसरायचा. तोल सावरायला हात पुढे गेला असेल. कुठे गेला? उंच भात वाऱ्याने पिवळ्याच्या ओळीवर ओणवा झालेला असायचा, म्हणजे त्याची कणसं खाली आलेली असणार. मी रोज थोडं थोडं आठवत गेले. काही दिवसांनी मला तो ओणवा भात स्पष्ट दिसायला लागला. त्यावरचं पाणी मनगटाला लागलेलं जाणवायला लागलं. घसरण्याआधी मी काय गुणगुणत होते तेसुद्धा आठवलं.

आत्याने विचारलं, "जेवत का नाहीस?"

"माझ्याकडून चूक झाली असेल."

"असेल म्हणजे? झाली का नाय झाली?"

"तेच कळत नाहीये."

आतोबा शिफ्टवरून आले होते, लूमच्या आवाजासाठी कानात घातलेला कापूस तसाच. ते म्हणाले, "आमच्याकडे कापडात फॉल्ट निघाला तर शेठ विचारतो कुणाची शिफ्ट. माझी नसली तरी मला वाटतं माझीच असेल." ते मला धीर द्यायला बोलले, पण मला त्यातून काय घ्यायचं ते समजलं नाही.

शेवटी मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं. पाय घसरला होता, उंच भात ओणवा होता, कदाचित माझ्या हातात त्याचीच कणसं आली असतील.

साहेबांनी सुस्कारा सोडला. मला वाटतं त्यांना माझ्यापेक्षा जास्त बरं वाटलं. "होतं असं," ते म्हणाले. "आता कुंड्यांचं काय करू या?"

"उपटून टाकू?"

ते दारात उभे राहून कुंड्यांकडे बघत राहिले. "राहू द्या," ते म्हणाले. "उपटायचं तर कधीही उपटता येईल." मग त्या वर्षीचा संकर त्यांनी स्वतः केला. पिवळ्याच्याही कुंड्या भरल्या, त्या ऑफिसात आणून ठेवल्या, खिडक्या लावून घेतल्या आणि भिंग डोळ्याला लावून केसर काढत बसले. मला बियाण्याच्या खोलीत दाणे निवडायला बसवलं. त्यांचे हात माझ्यापेक्षा जाड होते. त्यांना फार थोडे दाणे मिळाले.

त्या उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा बाबांनी विचारलं, "झाला का तुमचा भात बुटका?"

"बुटका होता तो उंच झाला."

बाबांनी आईला हाक मारली. "आयकलं का? आता उंच कराया लागली." आणि मग माझा चेहरा पाहून त्यांनी विषय बदलला. बैलाच्या खुराला काय झालंय ते सांगत बसले.

तिसऱ्या पावसाळ्यात साहेबांची रोपं कुंड्यांत होती आणि माझ्या उंच रोपांचं बी साहेबांनी एका खाचरात लावलं होतं. का लावलं ते त्यांनी सांगितलं नाही. पुढे एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, जागा मोकळी होती.

गणपती झाले आणि साहेबांच्या कुंड्यांतली रोपं माझ्या कमरेच्या वर गेली. मी ते आधी पाहिलं आणि पत्र्याखाली जाऊन उभी राहिले. मला आनंद झाला पाहिजे होता. पण मला भीती वाटली. खिडक्या बंद होत्या, भिंग होतं, कुठलाही उंच भात जवळपास नव्हता. मग हे उंच कुठून येतंय? क्षणभर मला खालांचा किरण आठवला, दाण्यात राहिलेला.

साहेब आले, कुंड्यांपाशी उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"ही तर मी केलेली आहेत," ते म्हणाले. मला नाही, कुंड्यांनाच सांगितल्यासारखं.

दोन दिवस ते ऑफिसात नुसते बसून होते. चहा थंड व्हायचा. तिसऱ्या दिवशी आम्ही माझ्या रोपांच्या बियाण्याचं ते खाचर बघायला गेलो. भात निसवायच्या, म्हणजे कणसं बाहेर काढायच्या बेतात होता. त्यात बरीचशी रोपं उंच होती. मध्ये मध्ये कमरेएवढी बुटकी. आणि तिसरीच एक जात होती, जी आम्ही कधी लावली नव्हती. जेमतेम घोट्याच्या वर, गवताच्या थोंबासारखी, झुपकेदार, दाट, गडद हिरवी. मी त्यांना आधी तण समजले होते आणि उपटायला वाकले.

"थांबा," साहेब एवढ्या जोरात म्हणाले की मी तशीच वाकलेली राहिले.

ते चिखलात उकिडवे बसले, त्या थोंबाची पानं बाजूला करून मुळापाशी पाहिलं. मग उठून दुसऱ्यापाशी गेले, तिसऱ्यापाशी. अशी थोडीच होती, पण खाचरभर विखुरलेली होती. परत आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत चिखल होता.

"पिवळं आणि निळं एकाच कारणाने बुटकं नाही," ते म्हणाले. "आपण समजत होतो दोघांत एकच गोष्ट बिघडली आहे. नाही. पिवळ्यात एक बिघडली आहे, निळ्यात दुसरी. पिवळ्याचं जे बिघडलंय ते निळ्यात शाबूत आहे. निळ्याचं बिघडलेलं पिवळ्यात शाबूत आहे. दोघं एकत्र आली की पोराला दोन्ही चांगलं मिळतं. म्हणून पोर उंच."

"आणि ही बारकी?"

"पुढच्या पिढीत सगळं परत वाटलं जातं. काहींच्या वाट्याला दोन्ही बिघाड आले." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही उंच भाताचा पराग घेतला असता तर त्यात पिवळ्याचा बिघाड आलाच नसता. पुढे उंच निघाली असती, निळ्यासारखी बुटकी निघाली असती. ही कधीच निघाली नसती."

मला समजायला वेळ लागला. म्हणजे मी पिवळ्याचीच कणसं तोडली होती.

"पण तुम्ही म्हणालात पाय घसरला होता," साहेब म्हणाले.

"हो."

"घसरला होता का?"

"माहीत नाही."

"उंच भात हाताला लागला होता?"

"मला आठवतंय तसं. पण आता वाटतं नसेल लागला."

साहेब कुंड्यांकडे बघायचे तसेच माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान हलवली. "मी फार विचारलं तुम्हाला," ते म्हणाले. एवढंच. आम्ही विहिरीवर जाऊन पाय धुतले आणि ते चपला शोधायला लागले.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही. पण जे घडलंच नव्हतं ते माझ्या डोक्यात इतकं नीट बसलेलं होतं, मनगटावरच्या पाण्यासकट, की ते काढून कुठे टाकायचं हे मला कळत नव्हतं. भाताचं कोडं त्या दिवशी सुटलं. माझं तसंच राहिलं. अजूनही जुनं काही आठवायला लागले आणि ते फार स्पष्ट दिसलं तर मला आधी शंका येते.

संध्याकाळी मी आतोबांना समजावून सांगितलं. "समजा एक लूम मोटर जळाली म्हणून बंद आहे आणि दुसरा धोटा तुटला म्हणून बंद आहे. दोन्ही बंदच. पण दुसऱ्याची मोटर पहिल्याला लावली तर एक लूम चालू होईल."

"होईल," आतोबा म्हणाले.

"तसंच."

"आणि दुसरा लूम?"

"तो म्हणजे ती बारकी रोपं. मोटर पण गेली, धोटा पण गेला."

आतोबा विचार करत राहिले. "पन मग तुमच्या सायबाला लूम चालू करायचा होता का बंद ठेवायचा होता?"

आत्या हसायला लागली. मीही हसले, कारण साहेबांना खरं तर लूम अर्धाच बंद ठेवायचा होता, आणि ते मला आतोबांना कसंही सांगता येईना.

त्याच पावसाळ्यात बाबांनी आमच्या एका खाचरात पिवळं लावलं होतं. मी आग्रह केला नव्हता. साहेबांनी त्यांना केंद्रावर बोलावून थोडं बियाणं दिलं होतं आणि बाबांना साहेबांच्या तोंडावर नाही म्हणता आलं नाही. शेजारच्या खाचरात आमचा नेहमीचा झिनी. बाबांनी दोन्हींना सारखाच युरिया टाकला, सारखंच पाणी दिलं. गावातली माणसं बांधावर उभी राहून विचारायची, "ह्या खाचराला काय झाला?" आणि बाबा म्हणायचे, "पोरीच्या हापिसाचा हाय," आणि लगेच दुसऱ्या खाचराकडे बोट दाखवायचे.

दिवाळीच्या आधी दोन दिवस पाऊस झाला, वाऱ्यासकट. मी सुट्टीवर घरीच होते. सकाळी आम्ही गेलो तेव्हा झिनी सगळा झोपला होता, जनावरं लोळून गेल्यासारखा. पिवळं उभं होतं. कणसं ओली, खाली वाकलेली, पण उभं. बाबा दोन खाचरांच्या मधल्या बांधावर उभे राहिले. एकदा इकडे बघायचे, एकदा तिकडे. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलतील.

"मना कलत न्हाय," ते म्हणाले. "हा उभा हाय त्याचा आनंद मानू, का तो पडला त्याचा दुख करू?" आणि ते पडलेल्या भाताकडे गेले आणि ओणवे होऊन कणसं चिखलातून वर उचलायला लागले. मीही गेले. दुपारपर्यंत आम्ही तेच करत होतो.

पिवळ्याची कापणी आली तेव्हा आईची अडचण झाली. आमच्याकडे भाताचे भारे भाताच्याच पेंढ्याने बांधायचे. मूठभर काड्या पिळून त्याची दोरी करायची आणि भाऱ्याभोवती फिरवून गाठ मारायची. आईने पिवळ्याच्या काड्या पिळल्या, भाऱ्याखालून घातल्या, तर दोन्ही टोकं भेटेनात. तिने भारा लहान केला. तरी भेटेनात. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आता यो बांधू कसा?"

हे साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. बाबा शेजारच्या खाचरात गेले, पडलेल्या झिनीतल्या लांब काड्या कापून आणल्या, आणि आईने त्या काड्यांनी पिवळ्याचे भारे बांधले. झोडणी झाल्यावर पिवळ्याचा दाणा बाबांनी तळहातावर घेतला, चावून पाहिला, चांगला आहे म्हणाले. पेंढा मात्र आखूड म्हणून म्हशीपुढे टाकला आणि गोठ्याच्या छपरासाठी झिनीचाच ठेवला.

पुढे साहेबांची बदली झाली. निळ्या-पिवळ्याच्या संकरातून त्यांना हवं तसं रोप निघालं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. केंद्रावर दुसरे साहेब आले, त्यांना भुईमुगात जास्त रस होता. मी भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. बदलीवर जाताना साहेबांनी मला त्यांचं भिंग दिलं होतं. ते म्हणाले होते, "खिडक्या बंद करून काही उपयोग झाला नाही, हे लक्षात ठेवा." मी हो म्हटलं, पण ते चेष्टेने सांगत होते की मनापासून, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

बाबा पुढची बरीच वर्षं दोन्ही भात लावत राहिले. दर जूनमध्ये बियाणं काढताना ते मला विचारायचे, यंदा कुठचा जास्त लावू? आणि मी दरवर्षी वेगळं सांगायचे.